शेजारच्या साहेबांचा वास

माझ्या नाकावर राग असतो, असं आमचे हे जगभर सांगत फिरतात. असू दे की! नाक माझं, राग माझा. पण त्याच नाकाच्या जोरावर मला नोकरी आहे, हे सांगायची वेळ आली की यांची स्मरणशक्ती नेमकी जाते.

मी साबणाच्या कारखान्यात वास घेते. हसू नका, ते खरंच काम आहे. प्रत्येक घाण्यातली एक वडी कापून माझ्या टेबलावर येते. तेल खवट आहे का, गुलाब गुलाबासारखा येतोय की औषधाच्या दुकानासारखा, हे मी सांगायचं. मी हो म्हटलं की माल गाडीत, नाही म्हटलं की परत कढईत. सून काय करते असं कुणी विचारलं तर आमच्या सासूबाई "साबणाच्या कारखान्यात असते" एवढंच सांगतात आणि घाईघाईने विषय बदलतात.

या कामात एका वडीचा वास दुसऱ्या वडीत मिसळून चालत नाही. म्हणून मधे मधे नाक कोरं करावं लागतं. त्याची आमची एक रीत आहे. हात कोपरात दुमडायचा, आपली बाही नाकाला लावायची आणि खोल श्वास घ्यायचा. आपल्या अंगावरच्या कपड्याला नाक इतकं सरावलेलं असतं की त्याचा वास ते धरतच नाही. पाटी पुसली जाते. मग पुढची वडी. हे इतकं अंगवळणी पडलंय की बाजारात टोमॅटो घेतानासुद्धा मी आधी बाही हुंगते आणि मग टोमॅटो. भाजीवाला म्हणतो, "ताई, सर्दी झालीये का?"

आम्ही भाड्याच्या घरात राहतो. तिसरा मजला, लिफ्ट नाही, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि अरुंद गॅलरी. माणसं तीन. मी, हे आणि सासूबाई. हे शाळेची बस चालवतात, त्यामुळे यांची पाठ कायम धरलेली असते. दिवसभर पोरांचा आरडाओरडा ऐकून आलेला माणूस संध्याकाळी बायकोचाही निमूट ऐकून घेतो. सासूबाईंचं वय झालंय, पण जिभेचं अजून व्हायचंय.

शेजारचं घर बरेच दिवस रिकामं होतं. तिथे एक बाई राहायला आल्या. सगळी हयात टेलिफोनच्या ऑफिसात फोन जोडून देण्यात गेलेली, आता निवृत्त. आवाज इतका गोड की भांडायला गेलेला माणूस आभार मानून परत यावा. बोलता बोलता मधेच "हं, जरा थांबा हं" म्हणायच्या, दुसऱ्या लाइनवर कुणी खोळंबल्यासारखं. आम्ही त्यांचं नाव टेलिफोनबाई ठेवलं. आणि त्यांच्याबरोबर आला साहेब.

साहेब म्हणजे कुत्रा. भला मोठा, केसाळ, तोंडाशी पिकलेला, मागचे पाय लटपटणारे. भुंकायचा नाही, धावायचा नाही, कुणाच्या अंगावर जायचा नाही. एकंदरीत वागणं सभ्य. पण वास!

आधी मला वाटलं, घरात कुठेतरी ओलं पायपुसणं राहिलंय. मी सगळी पायपुसणी धुतली. मग यांचे बूट घराबाहेर काढले. यांनी बिचाऱ्यांनी चपला घालून बस चालवली. मग फ्रीज उपसला. शेवटी एका सकाळी गॅलरीचं दार उघडलं, शेजारच्या गॅलरीवरून वारा आला आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मूत, बाई, दुसरं काय! जुना, मुरलेला, लादीच्या सांध्यांत जिरलेला, आणि वर फिनेल ओतलेलं. नुसता मूत परवडला. फिनेलातला मूत म्हणजे आगीतून फुफाट्यात.

घरात उपाय सुरू झाले. सासूबाईंनी कोपऱ्याकोपऱ्यात वाट्या मांडल्या. एकीत व्हिनेगर, एकीत खायचा सोडा, एकीत लिंबाच्या साली. मी तव्यावर कॉफी भाजली. परिणाम असा झाला की एखादा कुत्रा व्हिनेगर पिऊन, लिंबू चोखत कॉफीच्या दुकानात बसलाय असा वास घरभर पसरला. ह्यांना विचारलं, तर म्हणाले, "मला तर काहीच येत नाही." डिझेलच्या नाकाला काय येणार, कपाळ!

माझं मात्र नाक घरातून निघतानाच भरलेलं असायचं. आणि एके दिवशी व्हायचं ते झालं. खवट तेलाचा घाणा माझ्या टेबलावरून पुढे गेला. गाडीत चढायच्या आत आमच्या मालकीणबाईंनी सहज एक वडी उचलली, हुंगली आणि माझ्याकडे पाहिलं. रागावल्या नाहीत. "बरं नाहीये का गं?" एवढंच विचारलं. दोन शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. ते "बरं नाहीये का" माझ्या जिव्हारी लागलं.

त्या संध्याकाळी घरी आले ती थेट गॅलरीत. शेजारी ऐकू जाईल अशा बेताने, म्हणजे खरं तर चौकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, मी तोंडाचा पट्टा सोडला. "ज्याला ताबा राहत नाही त्याला माणसांत ठेवूच नये! म्हातारं झालं, अंथरूण-पांघरूण घाण करायला लागलं, की त्याची सोय दुसरीकडे करावी. बाकीच्यांनी का म्हणून नाक दाबून जगायचं?"

सासूबाई आत मटार सोलत बसल्या होत्या. एरवी माझ्या प्रत्येक वाक्याला त्या शेपूट जोडतात. त्या दिवशी जोडलं नाही. पण रागाच्या भरात माणसाला कुठे काय दिसतं? मी चप्पल पायात सरकवली आणि घरमालकांकडे गेले.

आमचे घरमालक शेजारच्याच गल्लीत राहतात. माणूस सरळ आहे, पण एका मोठ्या आजारपणात त्यांचं वासाचं ज्ञान पार गेलं. तेव्हापासून भाडेकरूंनी त्यांना भरपूर बनवलं. मागे एकाने मोरीत कोंबड्या पाळल्या होत्या आणि मालक दर महिन्याला त्या घरात चहा पिऊन, "छान ठेवलंय हं घर," म्हणून येत होते. हे कळल्यापासून ते कुणावर विश्वास ठेवत नाहीत. माझी तक्रार त्यांनी शांतपणे ऐकली.

"वहिनी, मला गोठ्यात नेऊन उभं केलंत तरी कळायचं नाही. पण तुमचं नाक म्हणजे सरकारी शिक्का. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मी येतो. तुम्ही माझ्यासोबत त्यांच्या घरात यायचं, वास घ्यायचा आणि सांगायचं. आहे म्हणालात, तर कुत्रा तरी जाईल नाहीतर त्या बाई तरी जातील. नाही म्हणालात, तर दोघं राहतील. मग पुन्हा या विषयावर माझ्याकडे यायचं नाही. त्यांनाही मी हेच कळवतो."

मी "चालेल" म्हणाले आणि गड जिंकून घरी आले. यांना सांगितलं, सासूबाईंना सांगितलं.

"म्हणजे फिर्याद करणारी तूच आणि न्याय देणारीही तूच?" सासूबाई म्हणाल्या.

"मग काय झालं? माझं नाक खोटं बोलत नाही."

आणि ते खरं आहे हो. माझ्या सख्ख्या बहिणीने मोठ्या हौसेने केक केला, वीस माणसांसमोर मला विचारलं, "कसा झालाय?" मी म्हटलं, "लोणी शिळं आहे." बहीण वर्षभर बोलली नाही. पण लोणी शिळं होतं ते होतंच.

त्यानंतरच्याच आठवड्यातली गोष्ट. मी कामावरून येत होते. दुसऱ्या मजल्याच्या वर, जिन्याच्या वळणावर, टेलिफोनबाई पायरीवर बसलेल्या दिसल्या. शेजारी साहेब आडवा. खालच्या पायरीवर मुताचं थारोळं. साहेब भिंतीकडे तोंड करून होता, काही घडलंच नाही अशा थाटात.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही हो ताई. साहेब जरा विश्रांती घेतायत."

"जिन्यात?"

"खाली उतरतात कसेबसे. वर चढायला पाय देत नाहीत. मग आम्ही बसतो. परत दोन पायऱ्या चढतो. परत बसतो."

"कधीपासून बसलाय?"

"ऊन होतं तेव्हा निघालो होतो." बाहेर दिवे लागलेले. "रोज नाही जमत मला हे, म्हणून मग गॅलरीत... हं, जरा थांबा हं." आणि त्यांनी तोंड फिरवून डोळे पुसले. दुसऱ्या लाइनवर कुणीसुद्धा नव्हतं.

माझं डोकंच फिरलं. "अहो, मग सांगायचं नाही का? तोंड आहे ना देवाने दिलेलं? जन्मभर जगाचे फोन जोडलेत आणि शेजारचं दार वाजवता येत नाही?"

"तुमचा राग फार आहे असं ऐकलं होतं."

"माझ्या रागाला काय धाड भरलीये? व्हा बाजूला!"

मी रोज साबणाच्या बादल्या उचलते, त्यामुळे माझे हात काही नाजूक नाहीत. साहेबाला दोन्ही हातांनी पोटाखालून उचलला. मेला धान्याच्या पोत्याएवढा जड. त्याने माझ्या खांद्यावर हनुवटी टेकली आणि एक लांबलचक सुस्कारा सोडला. त्या सुस्काऱ्याचा वास काय होता ते मी सांगत नाही, तुम्ही जेवायचे असाल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच त्यांचं दार वाजवलं. आता रोज जिन्यात थारोळं झालं तर पुसणार कोण, म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं. सासूबाईंनी जुन्या जाड चादरीची एक झोळी शिवून दिली. ती साहेबाच्या पोटाखालून घ्यायची, मागचा भार मी उचलायचा, पुढचे पाय त्याने टाकायचे. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. "उचल पाय, मेल्या! माझी कामाची वेळ झालीये!" असं मी ओरडत असायची आणि साहेब एकेक पायरी हुंगून, विचार करून उतरायचा. पहिल्या मजल्यावरचा शिंपी दारात उभा राहून म्हणायचा, "साहेब ऑफिसला निघाले वाटतं."

मग आता एवढं केलंच आहे तर पुढचंही, म्हणून मी त्यांच्या घरात शिरले. आधी फिनेलची बाटली जप्त केली. "बाई, फिनेलने मूत जात नाही. तो खालीच बसतो आणि फिनेल त्याच्या डोक्यावर बसतं." गॅलरीची लादी व्हिनेगरच्या पाण्याने घासली, सोडा पसरला, वाळल्यावर ब्रशने काढला, परत घासली. जुना गालिचा फेकायला लावला. टेलिफोनबाई मागे मागे, "ताई, चहा घ्या ना, ताई, बसा ना जरा," आणि साहेब नेमका मी घासत असेन तिथेच येऊन बसणार. बराच फरक पडला. पण गॅलरीच्या दाराची लाकडी चौकट खालून पार मुरलेली होती, आणि खुद्द साहेब होताच. चौकट उखडून टाकता येत नाही आणि कुत्रा धुतला म्हणून तरुण होत नाही.

मला काही लळाबिळा लागला नव्हता. फक्त संध्याकाळी मी जिना चढून आले की दाराआड त्याचं शेपूट जमिनीवर आपटल्याचा आवाज यायचा, आणि एखाद्या दिवशी नाही आला तर मी आधी त्यांचं दार ठोठावायची, मग आमचं. बस्स, एवढंच.

रविवार जवळ आला. टेलिफोनबाई एकदा साहेबाच्या अंगावरून फणी फिरवता फिरवता म्हणाल्या, "ताई, तुम्ही जे असेल ते सांगा हो. मी मनात काही धरणार नाही. फक्त याला सोडून मी राहायची नाही. दुसरी घरं पाहतेय फोनवरून. सगळे गोड बोलतात. कुत्रा आहे म्हटलं की लाइन कट."

मला त्या क्षणी स्वतःचाच इतका राग आला की मी त्यांच्यावरच ओरडले, "एवढ्यात घरं कशाला पाहायची? कुणी सांगितलं होतं?" मीच सांगितलं होतं की! भर गॅलरीत, चौकापर्यंत ऐकू जाईल असं.

शनिवारी मला जेवण गेलं नाही. हे म्हणाले, "अगं, त्यात काय एवढं? वास नाही म्हणून सांग आणि मोकळी हो."

"आणि चौकट? चौकटीचा वास येतोय ना!"

"मालकांना कुठे येतोय?"

"मला येतोय! उद्या मी घरात खोटं बोलले तर परवा कारखान्यात माझ्या नाकावर मी तरी भरवसा कसा ठेवू? एकदा तर तो घाणा तसाच गेलाय."

सासूबाई तेवढ्यात म्हणाल्या, "मग काय सांगणारेस?"

"जे येईल ते. आई, तुम्ही यात पडू नका हं."

"मी कुठे पडतेय? मी तर केव्हाची बसलेय."

"आणि माझा राखाडी स्वेटर कुठाय? परवापासून शोधतेय."

"धुतलाय. वाळतोय. थंडीत लोकर लवकर वाळत नाही."

रविवारी सकाळी मी साहेबाला खाली नेऊन आणलं. आज तर तो फारच सावकाश चढला. वर आले तर सासूबाई दारातच स्वेटर घेऊन उभ्या. "थंडी किती आहे! घाल आधी." मी घातला. कुत्र्याचा वास आला, पण आत्ताच कुत्रा उचलून आणल्यावर दुसरा कसला येणार? हात स्वच्छ धुतले, चहा घेतला, मालकांची वाट पाहत बसून राहिले. मालकही नेमके उशिरा आले.

आम्ही सगळे शेजारी गेलो. मालक हात मागे बांधून मधोमध उभे राहिले. टेलिफोनबाई भिंतीला टेकून, साहेब त्यांच्या पायाशी. हे आणि सासूबाई उंबऱ्यात.

मी डोळे मिटले. हात दुमडला, बाही नाकाला लावली, खोल श्वास घेतला. मग खोलीचा वास घेतला. काही नाही. कोपरे पाहिले. काही नाही. पुन्हा बाही, मग गॅलरीची लादी. काही नाही! गुडघ्यावर बसून त्या चौकटीला अक्षरशः नाक टेकवलं. लाकडाचा वास, थोडा सोड्याचा, बाकी कोरं! साहेबाची मान हुंगली. कोरी! मला रडू की हसू कळेना. एवढ्या दिवसांची घासाघास फळाला आली म्हणायची.

"मालक," मी उठून म्हटलं, "वास नाही."

"अगदी नाही?"

"माझ्या नाकाची शपथ. कोरं आहे घर."

"मग विषय संपला," मालक म्हणाले. त्यांनी साहेबाला थोपटलं, "छान ठेवलंय हं घर," म्हणाले आणि गेले.

टेलिफोनबाईंनी माझे दोन्ही हात धरले. "ताई, माझ्यासाठी तुम्ही इतकं मोठं खोटं बोललात!"

"खोटं? मी?"

"म्हणजे... वास तर येतोय ना हो. मलासुद्धा येतोय."

मी ह्यांच्याकडे वळले. हे केव्हापासून रुमाल नाकाला लावून शिंक येत असल्याचं सोंग करत होते. "तुम्हाला येतोय?"

"अगं, डिझेलच्या नाकाला येतोय," हे म्हणाले.

गेलं माझं नाक! मालकांसारखंच गेलं! आता काय, सोमवारी टेबल सोडायचं आणि वड्या बांधायला बसायचं. मी धावत घरी आले, स्वेटर काढून खुर्चीवर फेकला, तोंडावर पाण्याचे हबके मारले, साबणाची वडी हुंगली. साबण आला. कॉफीचा डबा उघडला. कॉफी आली. मसाल्याचा डबा उघडला, सटासट शिंका आल्या. नाक जागच्या जागी! मग मगाशी काय झालं होतं?

तेवढ्यात खुर्चीजवळून गेले आणि थबकले. साहेब! साक्षात साहेब, आमच्या खुर्चीवर! स्वेटर उचलला तर बाहीच्या आतल्या बाजूलासुद्धा पांढरे केस चिकटलेले.

सासूबाई स्वयंपाकघरात मटार सोलायला बसल्या होत्या. मान खाली, हात चालू.

"आई! हा स्वेटर दोन दिवस कुठे होता?"

"ओरडू नकोस, बहिरी नाहीये मी. साहेबाच्या अंगाखाली होता. गार लादीवर झोपतो बिचारा. त्या बाईंना म्हटलं, सुनेचा जुना आहे, राहू दे."

"जुना? मागच्या थंडीत घेतलाय! आणि मग तो माझ्या अंगात घातलात? नाक साहेबालाच सरावलं, माझी पाटीच खराब केलीत! मला खोटं पाडलंत!"

"खोटं कुठे? तुला आला का वास?"

"नाही."

"मग खरंच बोललीस की. भांडतेस कशाला?"

मी स्वेटर त्यांच्यापुढे नाचवला. "पण का? माझ्या कामाशी खेळ? एवढा कसला पुळका आला तुम्हाला त्या कुत्र्याचा?"

सासूबाईंचे हात थांबले. "त्या दिवशी गॅलरीत तू काय म्हणालीस ते आठवतंय? ताबा राहत नाही त्याला माणसांत ठेवू नये. अंथरूण घाण करायला लागलं की सोय दुसरीकडे करावी." त्या शेंगांकडे बघत बोलत होत्या. "मला कधी कधी पहाटे चादर धुवावी लागते गं. तुला माहीत नाही. मी नळ अगदी बारीक सोडते. म्हटलं, आज साहेबाला काढलं तर उद्या नंबर कुणाचा?"

मी मटकन खाली बसले. त्यांच्या समोर, सालांच्या ढिगात.

"आई, मला माहितीये," मी म्हटलं. "गेल्या वर्षापासून माहितीये."

"काय?"

"अहो, माझं नाक आहे हे. या घरात मला काय कळत नाही? नळ वाजला की मी कूस बदलून पडून राहते. तुम्हाला लाज वाटेल म्हणून. ह्यांनाही कधी बोलले नाही."

"आणि वर्षभर गप्प राहिलीस? तू?"

"बोलायचं काय त्यात! म्हातारपण आहे, होतं." आणि मग मला रडूच कोसळलं. गॅलरीतलं ते सगळं बोलणं मला आता पहिल्यांदा ऐकू येत होतं, आतल्या खोलीत बसून ऐकल्यासारखं. "ते मी कुत्र्याला म्हणाले होते हो. तुम्हाला नव्हतं."

"कुत्र्याला कुठे भाषा कळते? मला कळते."

मी नाक पुसलं. "आणि आजपासून नळ बारीक सोडायचा नाही. त्याने चादर धड निघत नाही. मला हाक मारायची."

त्यांनी एक शेंग उचलली आणि न सोलताच परत ठेवली. मग अगदी हळू, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "खरं सांग हं, तुझ्या नाकाची शपथ आहे. माझा वास येतो का गं?"

स्वेटर माझ्या मांडीवरच होता. मी त्याची बाही उचलली, नाकाला लावली आणि छाती भरून श्वास घेतला. डोळ्यांतून पाणी आलं, इतका साहेब त्यात भरला होता. मग पुढे वाकून सासूबाईंच्या मानेपाशी नाक नेलं.

"कोरं," मी म्हटलं.

"अगं, पण बाही साहेबाची आहे," सासूबाई रडता रडता हसायला लागल्या.

"असू दे. घरात आता हीच बाही."

पलीकडून दार वाजलं. टेलिफोनबाई गोड आवाजात विचारत होत्या, "ताई, येता का जरा? साहेबांना पुन्हा खाली जायचंय." मी स्वेटर अंगात अडकवला, खुंटीवरची झोळी काढली आणि ओरडले, "सकाळपासून दुसऱ्यांदा? लाइनवर राहा म्हणावं, आले!"